रजा दिवाळीत टाकायला सांगा

घटस्थापना ते दसरा या दिवसांत रजा मागायची नाही, असा आमच्या कंपनीत अलिखित कायदा होता. लिहिलेले कायदे लोक मोडायचे, हा कुणी मोडत नसे. चाकणच्या त्या कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. कोण किती वाजता आला, कुणाचा ओव्हरटाइम किती झाला, कुणाची रजा किती शिल्लक आहे, हे सांभाळणारी ती खोली. दसरा-दिवाळीला लोक गाड्या घेतात, म्हणून त्याच्या आधीचा महिना सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा दिवसांत खिडकीशी कुणी अर्ज घेऊन आला की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "आत्ता नको रे बाबा, दिवाळीत घे. कंपनी तशीही चार दिवस बंद असते, त्याला जोडून टाक, आठवडा मिळेल." त्यात नुसती अडवणूक नसायची. माणसाचा फायदा बघूनच मी सांगायचो, आणि बहुतेक जण ऐकायचे.

त्या खिडकीनं मला माणसांचं खरंखोटं ओळखायला शिकवलं, असा माझा समज होता. एका भावड्याची आजी माझ्या कारकिर्दीत तीनदा वारली. तिसऱ्यांदा अर्ज आला तेव्हा मी म्हटलं, "दोन आज्यांपर्यंत आम्ही धरतो राव, तिसरी कुठून आणलीस?" तो हसला आणि निमूट मशीनवर गेला. असे किस्से सांगून मी निरोप समारंभात टाळ्याही घेतल्या. माणूस खोटं बोलतो ते लगेच कळतं, हे खरं असेल. पण माणूस आडून काहीतरी खरं विचारतो तेही कळायला हवं. ते मला गेल्या वर्षीच्या नवरात्रात कळलं नाही.

आता पुन्हा ते दिवस आलेत. काळेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेंडूच्या राशी पडल्या आहेत. पाऊस गेलाय, पण ओल गेलेली नाही. दुपारी ऊन डोक्यावर असं बसतं की पत्र्याच्या टपऱ्यांतली माणसं दारात येऊन उभी राहतात. काल भोसरीत काही कामासाठी गेलो होतो. वर्कशॉपांची शटरं अर्ध्यावर होती आणि आत साफसफाई चालली होती. रॉकेलचा बोळा फिरवून मशीनचा वर्षाचा चिकटा काढायचा, लोखंडाचा किस झाडायचा, मग हार, हळदकुंकू, नारळ. रॉकेल, कूलंट आणि झेंडू यांचा मिळून एक वास होतो. आयुष्यभर मला तो सणाचा वास वाटला. काल तो नाकात गेला आणि मी चालता चालता थांबलो, कारण मला ज्ञानोबा कदम आठवले.

निवृत्त झाल्यावर मी दोन महिन्यांत घरात नकोसा झालो. बायको म्हणाली, "दूधवाल्याची हजेरी घेता, आता माझीही घ्यायला लागलात. बाहेर काहीतरी करा." तळवड्याच्या बाजूला शेवटच्या आजारातल्या माणसांसाठी बारा खाटांचं एक शुश्रूषा केंद्र आहे. ज्यांच्यावर आता उपचार उरले नाहीत, त्यांची वेदना कमी ठेवायची, अंग स्वच्छ ठेवायचं, सोबत द्यायची, एवढंच तिथलं काम. मी आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागलो. आधी दोन दिवसांचं शिक्षण झालं. मी वहीत मुद्दे लिहून घेतले, सवयच ती. पहिला मुद्दा होता : खोटा धीर द्यायचा नाही. दुसरा : रोग्यानं काही विचारलं तर उत्तराची घाई न करता, तुम्हाला काय वाटतं, असं उलट विचारायचं. दोन्हींखाली मी लाल रेघ मारली होती. वही अजून घरात आहे.

कदममामा लातूरकडचे. पंचविशीत भोसरीला आले आणि एकाच वर्कशॉपात एकाच लेथवर केस पांढरे केले. पोटाचा कर्करोग यकृतापर्यंत गेल्यावर त्यांना केंद्रात आणलं. आल्या दिवशी छताकडे बघत ते म्हणाले, "ह्या पंख्याचं बेअरिंग गेलंय." आम्हाला कुणालाही काही ऐकू येत नव्हतं. चार दिवसांनी पंखा घरघरून बंद पडला, तेव्हा सगळ्या वॉर्डात त्यांचा भाव वाढला. उशी सरकवायची असली की ते म्हणायचे, "दोन सूत वर घ्या, साहेब." मी साहेब नव्हतो, साधा कारकून होतो. पण मी टाइम ऑफिसातला, हे कळल्यापासून त्यांनी मला साहेबच केलं. मी त्यांचं अंग पुसायचो. बोटांच्या पेरांत तेलाच्या काळ्या रेघा इतक्या खोल गेल्या होत्या की गरम पाण्यानंही निघत नव्हत्या. "राहू द्या," ते म्हणायचे, "तेवढीच वळख हाय आपली."

त्यांना आजाराचं नाव माहीत नव्हतं. म्हणजे सांगितलेलं नव्हतं. त्यांची बायको, आमच्या सगळ्यांच्या मामी, पहिल्याच दिवशी जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "भाऊ, त्यांना अल्सर हाय म्हनून सांगितलंय. तुमी काई बोलू नका. कळलं तर हाय खातील." अशी विनंती जवळपास प्रत्येक घर करतं. मग सगळी मिळून त्या एका शब्दाभोवती पाय न वाजवता चालतात. शेजारच्या खाटेवरची माणसं आठवड्या-आठवड्याला बदलत होती आणि मधोमध मामा अल्सरचा रोगी होऊन पडले होते. नातेवाइकांना बोलवायचीही चोरी. सगळे एकदम आले तर त्यांना संशय येईल, म्हणून मामींनी गुजरातेत नोकरीला असलेल्या मुलालाही नीटसं सांगितलं नव्हतं. "पोटाचं दुखनं हाय, हळूहळू बरं होईल," एवढंच.

मुलाचं नाव संतोष. मामांनी मालकाच्या विनवण्या करून त्याला आपल्याच वर्कशॉपात चिकटवलं होतं. सहा महिन्यांत तो ती नोकरी सोडून गुजरातेत मोठ्या कंपनीत गेला. मालकापुढे मान खाली गेली म्हणून मामा दुखावले, आणि आपल्यासाठी वडिलांनी कुणाचे पाय धरावेत हे आवडलं नाही म्हणून तो दुखावला. दोन वर्षं बापलेकांचं बोलणं बरं आहे का, जेवलास का, यापलीकडे गेलेलं नव्हतं. पण मामा माझ्याशी त्याच्याबद्दल पुष्कळ बोलायचे. लहानपणी दसऱ्याला तो वर्कशॉपात यायचा आणि बापाच्या लेथलाच सगळ्यात मोठा हार पाहिजे म्हणून हटून बसायचा, हे त्यांनी मला तीनदा तरी सांगितलं असेल.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. मामी खाली डबा धुवायला गेल्या होत्या. मी मामांच्या पायांना खोबरेल लावत होतो. पाय सुजले होते, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "साहेब, तुमी रजेतले जाणकार. एक विचारू का?"

"विचारा की."

"पोराला आत्ता रजा टाकायला सांगू, का दिवाळीत टाकू दे?"

हे वाक्य मी वर्षभर मनात उलटंपालटं करून पाहिलं आहे. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. ज्याला पंख्याचं बेअरिंग चार दिवस आधी ऐकू येतं, त्याला स्वतःच्या देहातलं ऐकू येणार नाही होय? बायकोची लपवाछपवी मोडायची नाही, मला अडचणीत टाकायचं नाही आणि तरी हवं ते विचारायचं, म्हणून त्यानं माझ्याच खिडकीच्या भाषेत विचारलं. मला मरण हा शब्द उच्चारायची गरज नव्हती. 'आत्ता' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "आत्ता कशाला रजा वाया घालवता, मामा? सध्या कंपन्यांत किती रश असतो. रजा दिवाळीत टाकायला सांगा. सुट्टीला जोडून आठ दिवस निवांत येईल."

तोंडातून सहज गेलं. लाल रेघा मारलेले दोन्ही मुद्दे वहीतच राहिले आणि अठ्ठावीस वर्षांची जीभ बोलून गेली. मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या तोंडावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, बहुतेक खात्रीच दिसली असावी. "बरं," ते म्हणाले. त्यांनी उशाचा फोन घेतला आणि माझ्यासमोरच संतोषला लावला. तो येतो म्हणत असावा, कारण मामा म्हणाले, "नको. आत्ता येऊ नको. दिवाळीत बघू." आणि ठेवून दिला. फोनवर ते नेहमीच असे तुटक बोलत. ऐकताना मला वाटलंही की हे फार कोरडं झालं. पण मी तेलाची वाटी उचलली आणि हात धुवायला गेलो.

मंदामावशी त्या वेळी पलीकडच्या खाटेची चादर बदलत होत्या. त्या तळवड्याच्याच, जुन्या शेतकरी घरातल्या. केंद्र सुरू झाल्यापासून तिथं आहेत आणि डॉक्टरांच्या आधी त्यांना सगळं कळतं. मोरीपाशी येऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, दिवाळी लई लांब हाय. त्यांच्या पायाची सूज बघितली न्हाई का तुमी? पोराला बोलवायचं आसंल तर आताच बोलवा."

"बघतो," मी म्हटलं.

"बघू नका. सांगा."

सांगायला मी गेलो नाही, आणि माझा खरा गुन्हा इथून सुरू होतो. पहिलं उत्तर सवयीनं गेलं, त्याला एक वेळ माफी असेल. नंतरचे दिवस मी पुरत्या शुद्धीत होतो. मंजूर केलेली रजा मी कितीदा मागे घेतली होती, समोरच्याची नाराजी पत्करून. पण मामांच्या खाटेशी जाऊन, "माझं चुकलं, आत्ताच बोलवा," म्हणायला माझी जीभ उचलेना. तसं म्हणणं म्हणजे त्यांना मुदत सांगणं, असं मी स्वतःला समजावत होतो. मामींनाही बाजूला घेता आलं असतं, संतोषचा नंबर मागता आला असता. खरी गोष्ट एवढीच की माझा शब्द खोटा ठरलेला मला बघवत नव्हता. मी शुक्रवारी सांगीन म्हटलं, शुक्रवारी रविवारवर ढकललं.

दसऱ्याला मी केंद्रात आपट्याची पानं घेऊन गेलो. खाटेखाटेशी जाऊन पान हातात ठेवलं. मामांच्या हातात ठेवताना म्हणालो, "सोनं घ्या," आणि पुढचं तोंडातच अडलं. मामांचे डोळे पिवळे झाले होते, ओठ सुकले होते. तेच म्हणाले, "सोन्यासारखं ऱ्हावा, आसं म्हनत्यात पुढं, साहेब." मग डोळे मिटून त्यांनी विचारलं, "आज मशीनला हार घातला आसंल ना कुनी?" मी म्हटलं, घातला असेल. ते म्हणाले, "दिवाळी किती तारखेला हाय?" मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांच्या पेरांवर दिवस मोजले, अंगठा मध्येच थांबला आणि हात पोटावर ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मला फोन आला तेव्हा मी अंघोळ करून पूजेला बसत होतो. संतोष संध्याकाळी पोचला, थेट स्मशानात. त्याच्यासाठी सगळं थांबवून ठेवलं होतं. कंपनीच्या कपड्यांतच आला होता, खिशावर ओळखपत्र तसंच लटकत होतं. त्यानं बापाच्या हाताला हात लावून पाहिला आणि लगेच काढून घेतला. मी पाच हातांवर उभा होतो.

दहाव्याला मी गेलो. विधी उरकल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. केंद्रातले काका म्हणून त्याला माझ्याबद्दल आदर होता, हे सगळ्यात वाईट. म्हणाला, "काका, मी फोनवर येतो म्हणालो होतो. बाबाच म्हणाले, येऊ नको. शेवटपर्यंत राग काही गेला नाही त्यांचा." आणि मग आईकडे न बघता, "हिला सगळं माहीत होतं. हिनं मला अल्सर सांगितला." माझ्या हातात पाण्याचा पेला होता. मी पाणी प्यालो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "असतं असं कधीकधी." इतकं पोकळ वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन.

तेव्हापासून वर्षभर मी केंद्रात जातोच आहे. आता मात्र पार उलट्या टोकाला गेलोय. कुणी काही विचारायच्या आत मी म्हणतो, "आत्ताच बोलवा." चिखलीच्या एका आजींच्या मुलांना मी अशी घाई केली की दोघे दुबईहून धावत आले. आजी चार महिने ठणठणीत राहिल्या आणि मुलं माझ्याकडे रागानं बघून परत गेली. मंदामावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. लोक म्हणतात, काका या वयात किती करतात. गणपतीत आमच्या सोसायटीनं शाल-श्रीफळ दिलं. शाल खांद्यावर पडली तेव्हा वाटलं, ती काढून खुर्चीवर ठेवावी आणि सगळ्यांना सांगावं. पण फोटो काढत होते, म्हणून मी हसलो. पाप लपवायला चांगल्या कामाइतकी सोयीची जागा नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

काल भोसरीत वर्कशॉपाच्या दारात थांबलो, तेव्हा पिशवीभर झेंडू घेऊन मामी समोरून येत होत्या. यंदा दसऱ्याला मालकानं त्यांना आवर्जून बोलावलंय म्हणे, मामांच्या लेथला हार त्यांच्याच हातून. "चला, भाऊ, चहा घ्या," म्हणून त्या मला खोलीवर घेऊन गेल्या. दहा बाय दहाची खोली, नीट पुसलेली. भिंतीवर मामांचा फोटो, कामगार कार्डावरचा मोठा करून घेतलेला.

मी विचारलं, "संतोष दिवाळीला येणार का?"

मामी गॅसकडे तोंड करून म्हणाल्या, "तो बोलत न्हाई, भाऊ. फोन उचलत न्हाई माझा. चैत्रापासून. म्हनतो, तू मला फसवलं, मला बापाला भेटू दिलं न्हाईस."

मला वाटत होतं की माझं मौन फक्त माझ्या छातीवर आहे. ते या खोलीत येऊन राहिलं होतं. मी खुर्चीवरून खाली फरशीवर बसलो, का ते सांगता येणार नाही. म्हणालो, "मामी, दिवाळीत ये असं मामांना मी सांगायला लावलं. त्यांनी मला विचारलं होतं, पोराला आत्ता बोलवू का. मी नको म्हटलं."

मामींनी चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी सांगितलं की त्यांनी. टाइम ऑफिसचे साहेब म्हनले दिवाळीत. मलाबी बरं वाटलं होतं, भाऊ. डॉक्टरांनी मला सगळं सांगितलेलं, तरी वाटलं, इतकी मान्सं बघनारा मानूस म्हनतोय तर दिवाळी निघंल."

"मग संतोषला का नाही सांगितलंत?"

त्यांनी पिशवीतले झेंडू परातीत ओतले, देठ मोडायला घेतले. "तुमचं नाव कसं सांगू? तुमी त्यांचं अंग पुसत होता. लेकरू माझ्यावर रागावलं तर कवातरी माघारी येईल, मी आई हाय. तुमच्यावर धावून आलं असतं, तर तुमी तिथं जायचं बंद केलं असतं. तिथं बाकीची मान्सं हायत की."

मी चहाचा कप बाजूला सरकवला. माझी चूक त्या बाईनं वर्षभर आपल्या नावावर चालवली होती, आणि मी शाल पांघरून फोटो काढून घेत होतो. मी फोन काढला. "राहू द्या आता," त्या म्हणाल्या. मी नंबर मागितला. त्यांनी तो पाठ असलेला, न थांबता सांगितला.

पलीकडे मशीनचा आवाज होता. संतोष म्हणाला, "कोण?" मी नाव सांगितलं, केंद्रातले काका म्हणून. मग एका दमात सगळं सांगितलं. तो एका बाजूला गेला असावा, कारण आवाज कमी झाला.

"त्यांनी तुम्हाला विचारलं होतं?"

"हो."

"काय विचारलं? त्यांचे शब्द सांगा."

"पोराला आत्ता रजा टाकायला सांगू, का दिवाळीत टाकू दे."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. तो म्हणाला, "आत्ता, असं आधी म्हणाले?"

"हो. आत्ता, असं आधी म्हणाले."

मामी देठ मोडायच्या थांबल्या होत्या.

"एवढं एक वाक्य," तो म्हणाला, "तुम्ही वर्षभर तुमच्याकडे ठेवलंत, काका."

मी हो म्हणालो.

"आईकडे द्या," तो म्हणाला, आणि मी फोन मामींच्या हातात दिला.